जोडाच्या तारा

गिटार विकायला काढलेल्या त्या मुलाने पिशवीची चेन उघडली तेव्हा मला सगळ्यात आधी ब्रिजवरची, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीवरची, सहा रिकामी भोकं दिसली. गिटार बारा तारांची होती, पण त्याने सहाच चढवल्या होत्या. "सहावर वाजवायला बरी पडते. बारा कोण लावत बसणार?" तो म्हणाला. मानेच्या टोकाच्या पट्टीवर, नटवर, मात्र जोडीजोडीने बाराच्या बारा खाचा तशाच होत्या. डोक्याकडच्या बारा खुंट्यांपैकी सहा नुसतं बोट लावलं तरी गरगर फिरायच्या. मी तेव्हा पुण्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. साधी गिटार चार-पाच वर्षं वाजवत होते आणि बारा तारांची गिटार तोवर फक्त कानाने ओळखत होते. एखाद्या गाण्याच्या सुरुवातीला गिटारीभोवती कोवळ्या उन्हातला पाऊस पडल्यासारखं काहीतरी चमचमतं, ते हेच, असं कुणीतरी सांगितलं होतं. मी घासाघीस न करता पैसे मोजले.

संध्याकाळी तारांचं पाकीट आणून पलंगावर पसरून बसले. वरच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि तिच्या सोबतीला सप्तकभर चढी अशी एक बारीक तार. खालच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा अगदी सारख्या, एकाच सुरातल्या. म्हणजे बारा तारा असल्या तरी स्वर सहाच, नेहमीचेच. आपण एवढी वर्षं एकट्याने म्हणत होतो ते आता कुणीतरी शेजारी बसून म्हणणार, एवढाच फरक.

रात्री दहाच्या सुमाराला अकरा तारा लागल्या होत्या. बारावी म्हणजे तिसऱ्या जोडीतली बारीक तार. ह्या तारेची ओळख बारा तारांच्या प्रत्येक वादकाला लवकरच होते. सगळ्यात खालची जी तार, जिला आपण गिटारीतली सर्वांत पातळ आणि उंच तार समजतो, ती सेकंदाला सुमारे ३३० वेळा कंप पावते. जोडीतली ही छोटी तार मात्र ३९२ वेळा. पण लांबी तीच, त्यामुळे तिला आणखी पातळ करावं लागतं. तिची जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर. मी खुंटी फिरवत होते, सूर चढत होता, जवळजवळ पोचलाच होता, आणि ती तुटली. तुटण्याचा आवाज लहान असतो, पण त्याने उरलेल्या अकरा तारा थरारून उठल्या आणि खोलीभर कितीतरी वेळ तो गुंजारव राहिला. तार तुटल्याचं वाईट वाटायच्या ऐवजी मी तो आवाज विरेपर्यंत ऐकत बसले. आजही मला ती रात्र त्या गुंजारवासाठी आठवते.

पुढे कळलं की बहुतेक जण ही गिटार एक स्वर खाली लावतात आणि मूळ सूर हवा असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या आडव्या पट्टीवर, सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, कॅपो, लावतात. तारांना आराम मिळतो आणि लाकडालाही. लाकडाची काळजी खरंच घ्यावी लागते. सहा तारांच्या गिटारीवर सगळ्या तारांचा मिळून साधारण ७० ते ७५ किलोचा ताण असतो. बारा तारांवर तो सहज १०० किलोच्या पुढे जातो. एक माणूस गिटारीच्या पातळ पत्र्यासारख्या फळीला चोवीस तास लोंबकळतोय असं समजा. माझ्या गिटारीचा ब्रिज दुसऱ्याच उन्हाळ्यात मागच्या बाजूने उचलला गेला. पोस्टकार्ड आत सरकेल एवढी फट पडली. एका दुरुस्तीवाल्याने तो बाजारातल्या कुठल्यातरी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवून दिला, आणि मे महिन्यात बंद गाडीत तासभर राहिल्यावर तो फळीचा पापुद्रा घेऊनच निघाला. मी रडले होते. नंतर एका म्हाताऱ्या गोवेकर कारागिराने जुना गोंद खरवडून, फळीला आतून ठिगळ लावून, तीन दिवस शिकंजात आवळून ती गिटार मला परत दिली. "वाजवून झाली की तारा सैल कर," एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून मी रोज रात्री तिच्या तारा उतरवते आणि सकाळी परत चढवते. हे काम माझ्यासाठी आता वाजवण्याचाच भाग झालं आहे.

हाताचंही सगळं नव्याने शिकावं लागतं. एका बोटाखाली दोन तारा येतात आणि त्यांची जाडी वेगवेगळी असते. जाड तार दाबली गेली तरी तिच्या शेजारची बारीक तार बोटाच्या मऊ भागात नुसती रुतून राहते आणि खरखरते. बोटाचा कोन बदलावा लागतो, थोडं पाठीमागून यावं लागतं. उजव्या हाताने एकेक तार छेडायची सवय असेल तर नख जोडीतल्या एकाच तारेला लागतं आणि दुसरी गप्प राहते. मी कितीतरी महिने अंगठ्याच्या मांसल कडेने छेडायचा सराव केला, दोन्ही तारा एकाच फटक्यात पण किंचित मागेपुढे बोलाव्यात म्हणून. हे 'किंचित मागेपुढे' महत्त्वाचं. बहुतेक गिटारींत जोडीतली बारीक तार वर, म्हणजे आपल्या तोंडाच्या बाजूला असते. खाली जाणारा हात आधी तिला भेटतो, मग जाड तारेला. रिकनबॅकर कंपनीने १९६०च्या दशकात विजेची बारा तारांची गिटार काढली तेव्हा हा क्रम उलटा केला, आधी जाड आणि मग बारीक. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात ती १९६४ मध्ये आली आणि तिचा तो घंटेसारखा आवाज जगभर पोचला. तारा त्याच, फक्त कोण आधी बोलणार एवढं बदललं की आवाजाचा स्वभाव बदलतो.

आणि वेग कमी करावा लागतो. माझ्या बाबतीत बारा तारांनी केलेलं हे सगळ्यात मोठं काम. साध्या गिटारीवर मी फार कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे स्वर, वाजवायचे, मधल्या जागा भरत सुटायचे. इथे प्रत्येक फटक्यानंतर इतकं काही उरतं की त्यावर लगेच दुसरा फटका मारला तर सगळा चिखल होतो. मग मी चार बोटांचे कॉर्ड तीन बोटांवर आणले, तीनचे दोनवर. एक जोडी दाबायची, पाच मोकळ्या सोडायच्या आणि थांबायचं.

ह्या वाद्याचा मोठा माणूस म्हणजे ह्यूडी लेडबेटर, ज्याला सगळे लेडबेली म्हणत. लुइझियानाचा कृष्णवर्णीय गायक. १९३३ मध्ये लोकगीतं जमवत फिरणाऱ्या जॉन लोमॅक्स आणि त्याच्या मुलाला, ॲलनला, तो लुइझियानातल्याच अँगोला नावाच्या तुरुंगात भेटला. त्याची स्टेला बनावटीची बारा तारांची गिटार तो नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या सुरात लावायचा, तारा जाड असायच्या. त्याच्या ध्वनिमुद्रिकांत खर्जाच्या तारांवर जे चालतं ते त्याने दारूच्या गुत्त्यांतल्या पियानोवाल्यांच्या डाव्या हाताकडून उचललं होतं. माईक नसलेल्या गर्दीत, नाचणाऱ्या पायांच्या आवाजात एका माणसाला ऐकू जायचं होतं. अटलांटाच्या रस्त्यांवर गाणारा ब्लाइंड विली मॅक्टेलही बारा तारांचीच गिटार वाजवायचा. मला हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यातली त्या वाद्याची नाजूक, चांदण्यासारखी प्रतिमा मोडली. जोडीच्या तारांत मोठेपणाही आहे, गल्लीच्या टोकापर्यंत पोचण्याची ताकद आहे.

पणजीत एकदा फादोच्या, म्हणजे पोर्तुगीज गाण्यांच्या, मैफलीला बसले होते. पोर्तुगीज गिटार तिथे पहिल्यांदा जवळून पाहिली. पेरूच्या फोडीसारखा आकार, डोक्यावर पंखा उघडल्यासारखे स्क्रू, आणि तारा बारा, सहा जोड्यांत. वरच्या स्वरांच्या तीन जोड्या एकसुरी, खर्जाकडच्या तीन जोड्यांत सप्तकाचं अंतर. गाणारी बाई एका ओळीनंतर थांबली आणि त्या गिटारीने तिचं वाक्य पुढे नेलं, अगदी गळ्यातून निघाल्यासारखं, थरथरत. कोकणी बोलणाऱ्या गावात लिस्बनचं गाणं, आणि मला मात्र आठवत होती आत्या.

आत्या सांगलीला राहते. पंचवीस-तीस वर्षं तिने गाणं शिकवलं, आता शिकवण्या बंद आहेत, पण पहाटेचा रियाझ चुकत नाही. तिचा तंबोरा मिरजेचा, आजोबांनी करवून घेतलेला. मिरजेत ही कारागिरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या माणसांनी वाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला घेतली आणि लोक त्यांना सतारमेकर म्हणू लागले. भोपळे पंढरपूरकडून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आत्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, घरात कुणाचं लग्न ठरल्यासारख्या आवाजात.

दुरुस्त झालेली गिटार मी पहिल्यांदा तिच्याकडे नेली तो प्रसंग मला आठवतो. मी मोठ्या उत्साहाने एक कॉर्ड छेडला. तिने डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"अगं, जोड मिळालेला नाही तुझा."

ट्यूनरवर सगळे दिवे हिरवे होते, हे मी तिला सांगितलं. तिने तंबोरा मांडीवर घेतला. तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, शेवटची खर्जाची, आणि मधल्या दोन एकाच षड्जाच्या. त्या मधल्या दोघींना म्हणतात जोड. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते आणि माझ्या हातात सहा जोड असलेलं वाद्य आलं तरी तो माझ्या मनात आला नव्हता.

"छेडल्या छेडल्या ऐकू नकोस," ती म्हणाली. "तेव्हा तार ओरडत असते. ती शांत होऊ दे. मग ऐक."

तिने जोडाची एक तार छेडली, थांबली, दुसरी छेडली, थांबली. सूर बारीक जुळवायला तारेत ओवलेल्या मण्याला नखाने किंचित ढकललं. पुन्हा. मला दोन्ही सूर सारखेच वाटत होते. मग तिने माझा हात धरून तंबोऱ्याच्या दांडीवर ठेवला आणि दोन्ही तारा लागोपाठ छेडल्या. लाकडात एक लाट होती. हळू, अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी वर येणारी आणि खाली जाणारी. तिने मणी आणखी केसभर सरकवला. लाट लांबली. आणखी केसभर. लाट थांबली, आणि दोन तारांच्या जागी एकच तार वाजतेय असं झालं.

ह्या लाटेचं गणित सोपं आहे. एक तार सेकंदाला ४४० वेळा कंप पावते आणि तिची जोडीदार ४४१ वेळा, तर दर सेकंदाला एकदा दोघी एकत्र येतात, आवाज फुगतो. मधेच विरुद्ध होतात, आवाज दबतो. फरक अर्ध्यावर आला की लाट दोन सेकंदांची होते. फरक संपला की लाट संपते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. हाताला लागलं त्या दिवशी.

त्या दिवसापासून मी गिटार अशीच मिळवते. ट्यूनरवर सहा तारा लावायच्या, प्रत्येक जोडीतली एक. दुसरी कानाने, पहिलीच्या आधाराने, लाट ऐकत. सुरुवातीला अर्धा तास लागायचा, आता दहा-बारा मिनिटं लागतात. आणि ह्या इतक्या दिवसांत मला एक गोष्ट कळली, जी आत्याला अजून पटत नाही. तंबोऱ्याच्या जोडात ती लाट पूर्ण संपवायची असते. गिटारीच्या जोडात मी ती थोडी ठेवते. तंबोऱ्याला जवारी आहे. तार घोडीच्या रुंद पाठीवर घासत, स्पर्शत सुटते, त्यामुळे एका छेडीत सुरांचा पिसारा उलगडत जातो. हालचाल तिथे तारेतच आहे, जोड स्थिर असला तरच ती दिसते. गिटारीची तार ब्रिजवरच्या अरुंद पट्टीच्या, सॅडलच्या, धारेवरून स्वच्छ सुटते. तिच्यात तो पिसारा नाही. दोन तारा अगदी काटेकोर मिळवल्या तर त्या फक्त थोड्या मोठ्या आवाजाची एक तार होतात आणि वाद्य निर्जीव वाटतं. किंचित अंतर ठेवलं की चमचम येते. ते अंतर किती, हे मी सांगू शकत नाही, दर दिवशी वेगळं असतं. पावसाळ्यात लाकूड फुगलं की वेगळं, वैशाखात वेगळं.

अधिक तारांच्या बाकीच्या गिटारींबद्दल मला मनापासून कुतूहल आहे. ब्राझीलमध्ये शोरो नावाचं तिथलं संगीत वाजवणारे सात तारांची गिटार वापरतात, जास्तीची तार खर्जाकडची. होरोंदिनो जोसे दा सिल्वा हा वादक तर दिनो सात-तारा ह्याच नावाने ओळखला गेला. त्याच्या गिटारीतली खालच्या सुरांची वळणं ऐकताना गायकाच्या पायाखालची जमीन आपण घडवतोय असा त्या हाताचा विश्वास जाणवतो. गिटारवादक स्टीव्ह वायसाठी आयबनेझ कंपनीने १९९० मध्ये सात तारांची विजेची गिटार बाजारात आणली, पुढे स्वीडनच्या मेशुगा ह्या बँडने आठ तारांवर सगळं संगीत उभं केलं. माझा भाचा तेच ऐकतो आणि त्यातल्या लयीची गुंतागुंत मला समजावून सांगतो. पण ह्या सगळ्या तारा नवी जमीन जिंकायला निघालेल्या आहेत, आणखी खाली, आणखी दूर. माझं मन रमतं ते ज्या तारा नवीन काहीच सांगत नाहीत, दुसऱ्याच्या सुराला ओ देतात, त्यांच्यात.

नार्सिसो येपेस ह्या स्पॅनिश वादकाला साध्या गिटारीतली एक विषमता खुपायची. काही स्वर वाजवले की मोकळ्या तारा आपोआप गुंजतात आणि स्वर लांबतो. काही स्वर वाजवले की कुणीच गुंजत नाही, स्वर कोरडा राहतो. एकाच घरात काही मुलांना खाऊ आणि काहींना नाही, असं झालं हे. १९६४ मध्ये त्याने माद्रिदच्या होसे रामिरेस ह्यांच्याकडून दहा तारांची गिटार करवून घेतली. वाढवलेल्या चार तारा त्याने अशा सुरांत लावल्या की बारापैकी कुठलाही स्वर वाजवला तरी गुंजायला कुणीतरी असावं. हे वाचून मी उठून उभी राहिले. ही तर तरफ झाली! आपल्या सतारीच्या, सारंगीच्या, सरोदच्या मुख्य तारांखाली ज्या तरफेच्या तारा असतात त्यांचं काम हेच. वरची तार बोलली की त्या सुरातली खालची आपसूक जागी होते.

आणि आपल्याकडे तर गिटारीलाच तरफ लावून झाली आहे. ब्रिजभूषण काब्रांनी मांडीवर आडवी गिटार घेऊन, तारांवर पोलादी दांडी सरकवून रागसंगीत वाजवलं. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर ती गिटार आहे. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी गिटारीला तरफेच्या बारा तारा आणि चिकारीच्या तारा जोडल्या, एकूण वीस, आणि तिला मोहनवीणा म्हटलं. राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. मी त्यांना पुण्यात एकदा ऐकलं, तिसऱ्या रांगेतून. मींड घेत ते पंचमावर येऊन थांबले, दांडी उचलली, दोन्ही हात वाद्यापासून दूर नेले. तरीही पंचम होताच. कुणीही न छेडलेल्या तारेवर, प्रेक्षागृहातल्या पंख्यांच्या आवाजाच्या वर, बराच वेळ होता.

गंधाराची गोष्ट सांगायची राहिली. आत्याने जोडाची खोट काढली त्याच्या पुढच्या भेटीत तिने दुसरी खोट काढली. "गंधार चढा आहे." ह्याला मात्र माझ्याकडे उपाय नव्हता. चांगला मिळालेला तंबोरा असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी न लावलेला, स्वयंभू. फ्रेटवरचा गंधार त्याच्यापेक्षा चढा असतो. दोन लागोपाठच्या फ्रेटमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भाग चढा. सगळ्या सुरांतून सगळी गाणी वाजवता यावीत म्हणून पाश्चात्त्यांनी हा व्यवहार स्वीकारला. सहा तारांवर कान तो खपवून घेतो. बारा तारांवर जाड तारेतून स्वयंभू गंधार वर येत असतो आणि त्याच्याच शेजारी फ्रेटवरचा गंधार उभा असतो, दोघांची तोंडं वेगळ्या दिशेला. आत्याने हे पहिल्या कॉर्डला ऐकलं होतं आणि माझी निराशा नको म्हणून एका भेटीपुरतं पोटात ठेवलं होतं.

उत्तर एका इंग्रज वादकाकडून मिळालं. डेव्ही ग्रॅहमने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गिटार रे, ला, रे, सोल, ला, रे अशी लावायची पद्धत रूढ केली. आपल्या भाषेत सा, प, सा, म, प, सा. ह्यात गंधार कुठे लावलेलाच नाही. मी ती लावली, पाचव्या फ्रेटवर कॅपो बसवला आणि षड्ज आत्याच्या पांढरी पाचवर, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, आणला. मग जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. सगळ्यात वरच्या जोडीतली जाड तार तिच्या तंबोऱ्याच्या खर्जाला मिळाली, आणि त्याच जोडीतली बारीक तार तिच्या जोडाला. माझ्या एका जोडीत तिच्या तंबोऱ्याच्या तीन तारा होत्या.

तिने भूप घेतला. भूपात मध्यम नाही, म्हणून मध्यमाची जोडी मी दोन फ्रेट वर दाबून ठेवली, तिचाही पंचम झाला. एका बोटाचं काम, बाकी सगळं मोकळं. मी अंगठ्याने वरून खाली, सावकाश, तंबोरा छेडतात तसं छेडत राहिले. तिसऱ्या जोडीतल्या बारीक तारेची मला धाकधूक होती, कारण ह्या वेळी मी ती एक स्वर खाली उतरवलेली नव्हती. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. आत्याने षड्ज धरला, रिषभावर आली आणि तिथेच थबकली. गंधार घेतला नाही. मान किंचित तिरकी केली, जशी ती शिकवताना मुलांचा सूर ऐकायला करायची. मी छेडतच होते. खर्जाच्या तारेच्या पोटातून तो येत होता, बारीक, पण होता.

"आला बघ," ती म्हणाली, आणि मग त्याच्यावर आवाज टेकवला.

गेल्या महिन्यात तिचा तंबोरा जवारी काढायला मिरजेला न्यायचा होता. आत्याला आता प्रवास सोसत नाही, मी एकटीच गेले. गिटार गाडीत होती. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर ज्या आवारात आहे त्या दर्ग्यावरून पुढे सतारमेकरांच्या गल्लीत शिरलं की लाखेचा आणि तासलेल्या लाकडाचा वास येतो. दुकानात भिंतीला भोपळे टांगलेले, जमिनीवर बैठक. कारागिराने तारा उतरवल्या, घोडीच्या पाठीवर कानस फिरवली, तार चढवून छेडली, परत उतरवली, परत कानस. मधे एक धागा तारेखाली सरकवायचा आणि कान लावायचा. दीड तासात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. चौथ्या तारेची जवारी उघडली तेव्हा दुकानासमोरून जाणारा एक शाळकरी मुलगा दारात थांबला आणि तार विझेपर्यंत हलला नाही.

काम झाल्यावर मी गिटार आत आणली. माझ्या मनात ते किती दिवसांपासून होतं. त्याने ती मांडीवर आडवी घेतली, मोकळ्या तारांवरून एकदा बोट फिरवलं, मग सॅडलवर अंगठ्याचं नख घासून पाहिलं.

"ताई, ह्या घोडीला पाठच नाही. नुसती धार आहे. जवारी कशावर काढू?"

रुंद पट्टी करून बसवली तर निघेल का, असं मी विचारलं. त्याने बराच वेळ पाहिलं. निघेल, म्हणाला, पण मोकळ्या तारांनाच लागेल, बोट दाबलं की कुठे राहील कुठे नाही ते सांगता येत नाही. आणि ही जुनी पट्टी काढून जपून ठेवा, हिचा आवाज परत हवा झाला तर. मग त्याने एका मिठाईच्या खोक्याचं झाकण फाडलं, ते सॅडलवर तारांखालून सरकवलं आणि अंगठ्याने दाबून तारांचे वळ उठवले. पेन्सिलीने एकेका वळावर रेघ मारली. दोन रेघा जवळजवळ, मग जागा, मग परत दोन. शेवटच्या दोन मारून झाल्यावर त्याने पेन्सिलीचं टोक वरून फिरवत त्या मोजल्या आणि खाली लिहिलं: सहा जोड.